स्वोल्वेरच्या धक्क्यावर, 'क्रेब्स'साठी

बोडोहून दुपारी तीनला सुटलेली बोट रात्री नवाच्या सुमारास नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्वेरला लागली. धक्क्यावर पाय ठेवला आणि आधी भेटला तो वास, सुक्या मासळीचा. अर्नाळ्याच्या बोंबलांइतका उग्र नाही, थंडीने दबलेला, पण ओळखीचा. मार्चमध्ये लोक लोफोटेनला येतात ते स्क्रेईसाठी, म्हणजे अंडी घालायला बॅरेंट्स समुद्रातून येणाऱ्या कॉडसाठी. मी आले होते एका बुडालेल्या ट्रॉलरसाठी. तिचं नाव 'क्रेब्स'. जर्मनमध्ये क्रेब्स म्हणजे खेकडा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने शेकडो मच्छीमार ट्रॉलर ताब्यात घेतले. पुढच्या डेकवर तोफ बसवली, मशीनगन लावल्या, आणि कालपर्यंत जाळी ओढणारी बोट पहाऱ्याला निघाली. या बोटी संथ होत्या, पण उत्तर समुद्राच्या वादळात दिवसेंदिवस टिकून राहायच्या. खलाशीही पुष्कळदा कोळीच असत. नवीन युद्धनौका बांधण्यापेक्षा हा मार्ग झटपट होता. मला त्यात काहीतरी फार दुखतं. ज्या घडणीमुळे बोट माणसांना पोटाला देते, तीच घडण तिला युद्धासाठी लायक ठरवते.

सकाळी आठला मी बंदरावर होते. 4 मार्च 1941 च्या पहाटे इथेच, आणि शेजारच्या स्टामसुंड, हेनिंग्सव्हेर, ब्रेटेस्नेस या गावांत, सुमारे पाचशे ब्रिटिश कमांडो आणि त्यांच्यासोबत नॉर्वेजियन सैनिक उतरले. मोहिमेचं नाव 'क्लेमोर'. त्यांचं लक्ष्य होतं माशाचं तेल. कॉडच्या यकृतातून निघणाऱ्या तेलापासून ग्लिसरीन आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं. कारखाने उडवले गेले, तेलाच्या टाक्या पेटल्या.

तोफ बसवलेली जर्मन ट्रॉलर 'क्रेब्स' एकटीच समोर आली. समोर 'सोमाली' ही ब्रिटिश विनाशिका, 4.7 इंची आठ तोफांची. तरी ट्रॉलरने आधी गोळीबार केला. उत्तर आलं ते चाकघरावरच, म्हणजे सुकाणू असलेल्या खोलीवर. कप्तान मारला गेला, पण त्याआधी त्याने एनिग्मा, म्हणजे संदेश सांकेतिक भाषेत बदलणारं यंत्र, समुद्रात फेकलं होतं. कागद फेकायला मात्र त्याला वेळ मिळाला नाही. बोटीवर चढलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने कुलूपबंद खण पिस्तुलाच्या गोळीने उघडला. हाती लागली यंत्राची जादा चाकं, आणि त्याहून मोलाची, फेब्रुवारी महिन्याची संकेत-मांडणी, म्हणजे यंत्र कसं लावायचं याचे तक्ते.

ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रात त्या कागदांवरून जर्मन नौदलाचे फेब्रुवारीचे संदेश उलगडले. त्या वाचनातूनच कळलं की उत्तरेत हवामान टिपणाऱ्या जर्मन बोटींवरही एनिग्मा असतं. त्या बोटीही मुळात ट्रॉलरच! 'म्युन्शेन' मे 1941 मध्ये पकडली, 'लाउएनबुर्ग' जूनमध्ये. अटलांटिकमधल्या पाणबुड्यांचा माग लागण्यात या मासेमारीच्या बोटींचा वाटा आहे, हे मला फार मोठं वाटतं.

'क्रेब्स' शेवटी बुडालीच. दुपारी ब्रिटिश जहाजं निघाली तेव्हा त्यांच्यासोबत तीनशेहून अधिक नॉर्वेजियन स्वयंसेवकही गेले. मागे राहिलेल्यांपैकी काहींची घरं नंतर जर्मनांनी जाळली, गावातली काही माणसं ओस्लोजवळच्या ग्रीनी छावणीत पाठवली. विजयाच्या गोष्टीत हा भाग घाईत उरकतात, म्हणून मी तो इथे मुद्दाम लिहितेय. घर जळताना जिने पाहिलं, तिच्यासाठी एनिग्माचा अर्थ काय होता?

इथल्या लोफोटेन युद्धस्मृती संग्रहालयात दोन तास गेले. मांडलेले गणवेश इतके जवळ की कापडाची वीण दिसते. बाहेर आले तेव्हा बारीक बर्फ पडत होता. डोंगरावरची स्वोल्वेरगेटा, बकरीच्या दोन शिंगांसारखी सुळक्यांची जोडी, धुक्यात गेली होती.

रात्री मोल्ये जेवले: उकडलेला स्क्रेई, त्याची गाबोळी, यकृत आणि बटाटे. यकृताचा तुकडा जिभेवर विरघळला तेव्हा लक्षात आलं, हेच ते तेल. मी पुन्हा थोडं वाढून घेतलं.

खिडकीखाली एक बोट धक्क्याला लागत होती. चाकघरात दिवा होता. डेकवरचा पोरगा बर्फात उभा राहून दोर फेकत होता, आणि कॉडची पेटी वर चढत होती.