निर्लेखनाची फाईल

शाळा पाडायची तर आधी तिची फाईल व्हावी लागते. मुख्याध्यापकांचं पत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, चारही बाजूंनी काढलेले फोटो, आणि इमारत धोकादायक आहे, दुरुस्ती परवडणारी नाही, असा शाखा अभियंत्याचा दाखला. हा शेवटचा कागद माझ्याकडून जातो. मग मूल्यांकन, मंजुरी, जाहीर लिलाव. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. जिल्हा परिषदेच्या बांधकामात नोकरी काढलेल्या माणसाला अशा फायली नव्या नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका खाडीकाठच्या वाडीची फाईल मात्र वेगळी निघाली.

प्रस्तावात लिहिलं होतं : खोल्या २, दोन्ही मोडकळीस आलेल्या, शाळा पटाअभावी बंद. २०१७ च्या डिसेंबरात राज्यात दहाच्या आत पट असलेल्या तेराशेच्या वर शाळा बंद करून मुलांचं शेजारच्या शाळेत समायोजन करायचं ठरलं, त्या यादीत ही होती. तेव्हा पट होता तीन. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर ती आहेही. मध्ये व्हाळ म्हणजे ओढा आहे आणि त्यावरचा साकव, छोटा पूल, पावसात पाण्याखाली जातो, हे नकाशात दिसत नाही.

डांबरी सडकेपर्यंत गाडी, पुढे सडा तुडवत आणि पाखाडी उतरत चालत. बरोबर आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुख बाई आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. वाटेत मी बाईंना विचारलं, की शाळाच बंद, पालकच नाहीत, मग व्यवस्थापन समितीचा ठराव कुठून आला? त्या हसल्या. "समायोजन झालं त्या शाळेच्या समितीचा घेतलाय. त्यातल्या निम्म्यांनी ही शाळा बघितलेलीही नाही, साहेब."

गडग्याच्या आत दोन इमारती होत्या. पुढे जांभ्या चिऱ्याची, मंगलोरी कौलांची, पडवी असलेली जुनी शाळा. तिच्या दारावरच्या दगडात १९५४ आणि 'स्कूल बोर्ड' एवढं अजून वाचता येत होतं. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्हा स्कूल बोर्डं शाळा चालवत, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्यावर त्यांच्या शाळा आमच्याकडे आल्या. कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही शाळा 'बोर्डाची'च असते. मागे सर्व शिक्षा अभियानातली स्लॅबची खोली, वीस वर्षांच्या आतबाहेरची.

बघितल्याबरोबर कोणीही म्हणेल की जुनी पडणार आणि नवी राहणार. प्रत्यक्षात उलट होतं.

स्लॅबच्या खोलीत हातोडीने ठोकायला सुरुवात केली तर जागोजागी भद्द आवाज. मधोमध एक मोठा पोपडा खाली आलेला, आणि वर उघड्या पडलेल्या सळ्या गंजून फुगलेल्या, काही ठिकाणी बोटाने चुरा व्हावा अशा. खाडीकाठी हे नेहमीचंच. हवेत खार, त्यात वाळूही खाडीचीच आणि न धुतलेली असणार. मीठ काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंजलेली सळी जागा जास्त घेते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. सळीवर काँक्रीटचं कव्हर जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर निघालं. अशा हवेत ते दुपटीने हवं होतं. बाईंना म्हटलं, आत येऊ नका.

जुन्या शाळेत मी अर्धा दिवस काढला, खरं तर तासाभराचं काम होतं. भिंती दीड हात जाड, जोडकाम मातीचं, वर चुन्याचा गिलावा. आढं आणि वासे किंजळाचे. भाल मी पेचकसाने टोचून बघितली, टोक आत जाईना. वाळवी फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे कौलं सरकून पाणी उतरलं होतं तिथे. तिथली भिंत फुगलेली, खालची माती वाहून गेलेली. बाकी सगळं सरळ. अशा इमारतीचं सगळं आयुष्य छपरावर असतं. दरवर्षी वैशाखात कोणीतरी वर चढून कौलं परतायची, फुटलेली बदलायची, एवढंच. शाळा चालू होती तोवर वाडीतले चौघे पालक ते करत, गुरुजी चहा पाजत. पट संपला, शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीचा क्रमांक, बंद झाला, त्याबरोबर देखभालीचं अनुदान थांबलं, आणि वर चढणारा माणूसही. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मातीच्या जोडकामाची भिंत हलवायला एक सरकलेलं कौल आणि दोन पावसाळे पुरतात.

कौल उलटून बघितलं तर मंगळूरच्या कारखान्याचा छाप. बासेल मिशनने तिथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्याने गलबतांतून ही कौलं वर आली. आता अशा कौलांना आणि किंजळाच्या वाशांना रिसॉर्टवाल्यांकडून चांगलं गिऱ्हाईक आहे. शिपायाने सहज सांगितलं, की एक व्यापारी येऊन लाकूड मोजून गेलाय. प्रस्तावात दोन्ही खोल्या एकत्र का घातल्यात, हे मला तेव्हा जरा कळल्यासारखं झालं. पण ते दाखल्यात लिहिण्यासारखं नव्हतं.

आतल्या भिंतीवर तेलरंगात देणगीदारांची यादी होती. कोणी २१ रुपये, कोणी ११, एकाच्या नावापुढे 'वासे ४', एका बाईच्या नावापुढे 'भात १ मण'. खाली मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची मोठी रक्कम. गिरणीत राबणाऱ्यांनी पगारातून वर्गणी काढून गावात शाळा, देऊळ, विहीर बांधायची, हे कोकणात घराघरात झालेलं आहे. त्याच शाळांतून चौथी-सातवी होऊन पुढची पिढी मुंबईला गेली आणि तिथेच राहिली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. मुंबई शहर सोडलं तर राज्यात घटलेले हे दोनच जिल्हे. पटाचं कोडं मास्तरांच्या गुणवत्तेत शोधणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, 'जागा दिली', आणि पुढे एक नाव. माझी फाईल अडली ती या ओळीपाशी.

तोवर वाडीतले आबा आले होते. पंचाहत्तरी पार केलेले, याच शाळेत शिकलेले, आणि जागा देणाऱ्याचे नातू. मी विचारलं, "आबा, बक्षीसपत्र आहे का?"

"कसलं बक्षीसपत्र? आज्याने देवळात नारळ ठेवून सांगितलं, ही जागा शाळेला. झालं."

नारळ ठेवून दिलेली जागा वाडीत कोणी नाकारत नाही. पण कायद्याने स्थावराची बक्षिसी नोंदणी केल्याशिवाय होत नाही. त्यात आणखी एक गाठ. १९५४ मध्ये आजोबा या जमिनीचे मालकच नव्हते. जमीन खोताच्या, म्हणजे गावच्या वतनदाराच्या, खासगीतली, हे कूळ. कूळ कायद्याने कसेल त्याची जमीन झाली ती १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे माणसाने स्वतःची होण्याच्या तीन वर्षं आधी ती शाळेला देऊन टाकली होती. सातबारावर आज त्यांच्या वारसांची २९ नावं आहेत, वाटे आणेवारीत. शाळेचा उल्लेख फक्त इतर हक्कात. शाळा चालू असताना हा प्रश्न कोणाला पडला नाही. बंद पडल्यावर मात्र सगळ्यांनाच पडला.

आबांच्या चुलत पुतण्याला विरारला फोन लागला. तो तावातावाने नाही, शांतपणे बोलला. "साहेब, पंजोबांनी जागा शाळेला दिली. शाळा असती तर आम्ही एक शब्द काढला नसता. आता शाळाच नाही म्हटल्यावर जागा मोकळी करून द्या."

आबा फोनवर ओरडले, "अरे, देवाला वाहिलेलं परत मागतोस?"

मला पुतण्याचं म्हणणं चूक वाटलं नाही, आबांचंही नाही. वाडीला तिथे काजू फोडायचं युनिट हवंय, बचत गटाच्या बायका तयार आहेत. पण २९ जणांच्या सह्यांशिवाय त्यांना कोणी वीजजोडणीही देणार नाही. बंद शाळेची अंगणवाडी, ग्रामपंचायत कचेरी, वाचनालय झालेलं मी बघितलं आहे. जिथे झालं तिथे बहुतेक जागेचा कागद होता. जिथे कागद नव्हता, तिथे भिंतीतून उंबर उगवलाय. मुलं नसली म्हणून इमारत पडत नाही. तिला हात लावायचा हक्क कोणाचा, हे ठरत नाही म्हणून ती पडते. बंद शाळांच्या बातम्यांत ही गोष्ट कधी येत नाही.

निघता निघता मागच्या पडवीत भांडी दिसली. चूल, दोरीवर कपडे, एक प्लास्टिकची बादली. शेजारच्या आंब्याच्या बागेत राखणीला आलेलं नेपाळी कुटुंब तिथे राहत होतं. इतका वेळ मुलांची आई बागेत होती आणि मुलं आम्हाला बघून आत लपली होती. दोघं, साधारण सात आणि नऊ वर्षांची. केंद्रप्रमुख बाई खाली बसल्या, मोठीला जवळ बोलावलं, हिंदीत विचारलं, "स्कूल जाती हो?" तिने मान हलवली, नाही म्हणून. बाईंनी पिशवीतून डायरी काढून दोघांची नावं शाळाबाह्यमध्ये लिहून घेतली. मग डायरी तशीच मांडीवर ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे दोघं आणि पुढच्या बागेतले दोन मिळून चार झाले. बंद केली तेव्हा तीन होते."

"आणि आंबा संपल्यावर?"

"मग पुन्हा शून्य," त्या म्हणाल्या. त्यांचं उत्तर तयार होतं, म्हणजे हिशेब त्यांनी आधीच मनात केला असणार.

नमुन्यात एक रकाना असतो : इमारत वापरात आहे किंवा नाही. मी 'पडवी निवासासाठी वापरात' असं लिहिलं. माझ्या वरच्या साहेबांनी नंतर त्याखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

दाखले मी दोन वेगळे दिले. स्लॅबची खोली : धोकादायक, निर्लेखनास योग्य, तिच्यात कोणालाही जाऊ देऊ नये. जुनी इमारत : दुरुस्तीयोग्य, पश्चिमेचा कोपरा आणि छप्पर, सोबत अंदाजपत्रक. पहिला दाखला बिनबोभाट पुढे गेला. खोली पाडून झाली, सळ्या भंगारात गेल्या. दुसरा परत आला. बंद शाळेवर दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, टाकायचा, आणि जागेच्या मालकीचा पुरावा कुठे आहे, असे दोन प्रश्न. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर २९ सह्यांचं संमतीपत्र.

ते मी आबांना लिहून दिलंय. वारस वर्षातून एकदाच एकत्र सापडतात, गणपतीत. गेल्या गणपतीत चौदा सह्या झाल्या, आरती संपल्यावर, प्रसादाच्या रांगेत. विरारच्या पुतण्याने केली नाही, पण नाहीही म्हणाला नाही. उरलेल्यांत दोघे सख्खे भाऊ आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांच्याही अटी सारख्याच : आधी त्याची सही आणा.