दोन नंबरची टोपी

रात्री दीडनंतर फोन वाजला की बायको डोळे न उघडता विचारते, "कुठला?" म्हणजे कुठला ट्रान्सफॉर्मर. लग्नाला सोळा वर्षं झाली, एवढं इलेक्ट्रिकल तिलाही आलंय.

गेल्या जुलैतल्या त्या रात्री उत्तर होतं, डोंगराकडच्या १३२/३३ केव्ही सबस्टेशनचा दोन नंबर. बुखोल्झवर ट्रिप, म्हणजे बुखोल्झ नावाच्या सुरक्षा रिलेने तो आपोआप बंद पाडला. फोनवर रिमोट सेंटरची, म्हणजे दुरून सबस्टेशनं चालवणाऱ्या केंद्राची, मुलगी होती, पंचविशीची असेल, आवाजात घाई अजिबात नाही. "सर, १.३१ला गेला. डिफरन्शियल नाही, ओव्हरकरंट नाही, रेकॉर्डमध्ये फॉल्ट करंटच दिसत नाही. त्याआधी १.०७ला डीसी अर्थचा अलार्म आलाय. सिस्टिम म्हणतेय, बुखोल्झच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी. तुम्ही बघून सही दिलीत की चार्ज करते."

बघून सही. पँट चढवता चढवता ते दोन शब्द मला कुठेतरी बोचले. सिस्टिम म्हणजे अलार्म आणि रेकॉर्ड वाचून निदान सांगणारं सॉफ्टवेअर. डिफरन्शियल आणि ओव्हरकरंट हे करंट पाहून चालणारे रिले, डीसी अर्थ म्हणजे कंट्रोलच्या वायरिंगमधून करंट जमिनीकडे गळणं, आणि चार्ज करणं म्हणजे पुन्हा वीज जोडणं.

मी एका टेस्टिंग एजन्सीत प्रोटेक्शन इंजिनिअर आहे. बिघाड झाला की रिलेने, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाने, जे केलं ते बरोबर केलं का, हे ठरवायचं आणि त्याखाली आपलं नाव लिहायचं. बाकीची नोकरी म्हणजे रात्रीचा प्रवास, गेटपास आणि सहा-सहा महिने न निघणारी बिलं.

बुखोल्झबद्दल थोडं सांगायला हवं. ट्रान्सफॉर्मरची टाकी आणि तिच्या वरचा तेलाचा ड्रम यांना जोडणाऱ्या नळीत ही डबी बसवलेली असते. टाकीत कुठे ठिणगी पडली, तेल किंवा कागद जळला, तर वायूचे बुडबुडे वर चढून तिच्यात साठतात, आतला तरंगणारा गोळा खाली येतो आणि अलार्म वाजतो. मोठा बिघाड असेल तर तेलाचा लोटच येतो, तो खालची झडप ढकलतो आणि ट्रान्सफॉर्मर तत्क्षणी बंद. माक्स बुखोल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९२१ साली हे काढलं. मूळ युक्ती आजही तीच आहे, मला तिचं फार कौतुक वाटतं. दोष एकच, की तिच्या वायरी ज्या छोट्या टर्मिनल बॉक्समध्ये येतात तो ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर, उघड्या पावसात असतो. दोन टर्मिनलांच्या मध्ये पाणी साचलं तर रिलेला वाटतं, संपर्क जुळला. आतलं तेल शांत, गोळा जागेवर, आणि वीज तोडणारा ब्रेकर मात्र उघडलेला.

म्हणून प्रत्येक पावसाळ्यात बुखोल्झवर एक पत्र्याची टोपी बसवतात. टोपीकडे परत येईन.

त्या रात्री स्टेशनवर लोड ५८ एमव्हीए होता, एमआयडीसी पाठीशी असल्यामुळे रात्रीही उतरत नाही. दोन्ही ट्रान्सफॉर्मर ५०-५०चे. दोन नंबर गेल्यावर सगळं एक नंबरवर येणार, म्हणून लोड शेडिंगच्या स्कीमने आपणहून दोन फीडर, म्हणजे स्टेशनातून वीज बाहेर नेणाऱ्या लाइनी, तोडले होते. त्यातल्या एकावर तालुक्याच्या पाणीपुरवठ्याचे पंप. उरलेला एक नंबर काठोकाठ भरून चाललेला. म्हणजे घाई होती, आणि ती खोटी नव्हती.

मी २.५०ला पोचलो. गेट उघडायला वॉचमन आणि सोबत रेनकोटमधला बावीस वर्षांचा आयटीआयचा पोरगा. हा पोरगा मोटारसायकलवर सहा सबस्टेशनं फिरतो. कंट्रोल रूममध्ये दिवे बंद, एसी चालू, खुर्ची एकसुद्धा नाही. ते स्टेशन २०२१ साली 'अनमॅन्ड', म्हणजे ऑपरेटरविना, झालं, आणि ते ज्यांनी केलं त्यांतला मी एक. चार महिने मी तिथे सिग्नल तपासत होतो. यार्डात ब्रेकर उघडायचा, मी स्क्रीनवर पाहायचं, वहीत खूण करायची, पुढचा. एकूण १,४१२ सिग्नल. यार्डातल्या बाजूला माझ्यासाठी हँडल फिरवायला होते तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काकाच म्हणत. एकोणीस वर्षं कंत्राटी. चार शिफ्टचे मिळून आठ जण होते. काम संपलं त्या दिवशी काकांनीच सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. आपलीच जागा आपल्याच हाताने तपासून देणाऱ्या माणसाकडे बघत भडंग खाणं सोपं नसतं, पण मी खाल्लं. भडंग चांगलं होतं.

कामाला लागलो. रिमोटवरून आयसोलेटर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लाइनपासून सुटा करणारे स्विच, उघडले होते. स्क्रीनवर 'उघडा' दिसलं म्हणजे ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट फिरला, एवढंच. तिन्ही पोलची पाती खरोखर सुटली का, हे बॅटरीच्या झोतात मान वर करून पाहावंच लागतं. पाहिलं. परमिट घेतलं, अर्थिंग लावलं. पोरगा शिडीवर चढला. बुखोल्झवर टोपी नव्हती. त्याने टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडलं आणि वरून ओरडला, "सर, चूळ भरण्याइतकं पाणी हाय!"

आता खरा प्रश्न, आत वायू आहे का? बुखोल्झच्या काचेतून पाहिलं, तेल काठोकाठ. पेटकॉक, म्हणजे वायू सोडायची तोटी, किंचित सोडला, फक्त तेल आलं. रंगीत वायू नाही, रंगहीन नाही, बुडबुडासुद्धा नाही. ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या ऑनलाइन गॅस मॉनिटरवर हायड्रोजन कालच्याइतकाच, ॲसिटिलीन शून्य. पाणी पुसलं, हॉट एअर गनने बॉक्स वाळवला, आणि डीसी अर्थचा अलार्म आपोआप गेला.

घड्याळात ३.२५ झाले होते. मला त्याच क्षणी कळलं होतं की सिस्टिमचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

मी सही केली नाही.

"पूर्ण टेस्ट घेतो," मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ओके सर." एवढंच. तिने हुज्जत घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

पूर्ण टेस्ट म्हणजे काय, हे ज्यांनी पावसात केलीय त्यांनाच ठाऊक. न्यूट्रलची अर्थपट्टी सोडायची, बुशिंगवरचे, म्हणजे वायरी टाकीबाहेर काढणाऱ्या चिनी मातीच्या खांबांवरचे, जंपर सोडायचे, आणि नट ओल्या हातातून पडला तर खडीत शोधत बसायचं. पाच केव्हीचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला तर एचव्ही ते अर्थ १८० मेगाओहम. नवखा असता तर तिथेच घाबरला असता. पण तो आकडा वाइंडिंगचा नव्हताच, ओल्या चिनी मातीवरून घसरणारा करंट होता. चार वाजता पाऊस थांबला तेव्हा पोराने एकेक बुशिंग सुक्या फडक्याने पुसलं, मी प्रत्येकाला पृष्ठभागावरचा करंट बाजूला काढणारी गार्डची तार गुंडाळली, आणि तोच मेगर दोन हजारांच्या वर गेला. हे करताना मला फार आनंद होत होता, खोटं कशाला बोलू. मग तीन फेज ४१५ व्होल्ट देऊन मॅग्नेटायझिंग करंट घेतला. कडेच्या दोन फेजना जवळपास सारखा, मधल्या फेजला कमी. तीन पायांच्या कोअरचा करंट असाच यायला हवा. एखादा वेढा जरी शॉर्ट असता तरी ही रांगोळी विस्कटली असती.

सगळं उत्तम. ५.५०ला सही केली, ६.२०ला दोन नंबर चार्ज झाला. गुंजायला लागला, नेहमीसारखा.

नियमावर बोट ठेवलं तर मी बरोबर आहे. बुखोल्झच्या ट्रिपनंतर टेस्टशिवाय चार्ज करू नये, हे आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, साहेबांना हेच सांगितलं. पण पाणी सापडलं, वायू नाही, करंट नाही, मॉनिटर स्वच्छ, तरीही मी पुढचे अडीच तास जे केलं ते ट्रान्सफॉर्मरसाठी केलं का? मला वाटतं, ती सिस्टिम चुकलेली मला पाहायची होती. मेगर १८० दाखवत होता तेव्हा, जाणकार असूनही, मला अर्धा क्षण बरं वाटलं होतं.

चहाच्या टपरीवर बसलो होतो तेवढ्यात काकांचा फोन. ते आता गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. "सायेब, रात्री दोन नंबर गेलता न्हवं?" त्यांच्या घरची लाइट गेलीच नव्हती, पण पंपाच्या फीडरवरचं शेजारचं गाव अंधारात होतं. एवढ्यावरून त्यांनी हिशेब लावला. "टोपी घातली हुती का?"

मी म्हटलं, नव्हती.

"मग दुसरं काय आसणार!" म्हणाले आणि भाच्याच्या लग्नाकडे वळले.

नंतर रिमोट सेंटरच्या मुलीला मी विचारलं, सिस्टिमने नेमका टर्मिनल बॉक्सच कसा सांगितला? मार्शलिंग बॉक्स असू शकला असता, केबल असू शकली असती. तिने आधार म्हणून जोडलेली पानं पाठवली. लॉगबुकची स्कॅन केलेली पानं होती. निळ्या शाईत, शिरोरेघा न देता लिहिलेलं ते अक्षर मी चार महिने शेजारी बसून पाहिलंय. 'टीएफ-२ बुखोल्झ बॉक्समध्ये पाणी. पुसून घेतले.' 'टीएफ-२ डीसी अर्थ. बुखोल्झ बॉक्स उघडून वाळवला.' अशा सात नोंदी, सात वेगवेगळ्या पावसाळ्यांतल्या. आणि दर मे अखेरीला एक ओळ, 'दोन्ही ट्रान्सफॉर्मरला टोपी घातली.'

सिस्टिमने ते सगळं वाचलं होतं. माझ्याही कपाटात त्याच स्कॅनची सीडी चार वर्षं पडून आहे. मी कधी उघडली नाही.

आणि यंदाची टोपी? मान्सूनपूर्व देखभालीच्या ॲपमध्ये त्या कामासमोर हिरवी खूण होती. फोटोही होता, बुखोल्झवर टोपी अगदी स्पष्ट. फक्त तो एक नंबरचा फोटो होता, दोनदा चढवलेला. ॲपने फोटोत टोपी आहे की नाही हे ओळखलं, कोणाच्या डोक्यावर आहे हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. ठेकेदार कोण, ते लिहीत नाही. सहा सबस्टेशनांसाठी एक पोरगा ठेवला की तो दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चढण्याऐवजी तोच फोटो चढवणार, हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही.

पुढच्या रविवारी काकांच्या मुलाचा मेसेज आला. तो इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि ती शाखा त्याने माझ्या सांगण्यावरून घेतली. तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणालो होतो, कॉम्प्युटरवाल्यांचं काही सांगता येत नाही, कोअर ब्रँचला मरण नाही. माझ्या बॅचची निम्मी मंडळी हिंजवडीत कोड लिहायला गेली तेव्हापासून हे वाक्य मी बाळगून आहे. त्याने लिहिलं होतं, "सर, ऑक्सफर्डच्या दोघांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसायांचा अभ्यास केला होता. त्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरला धोका कमी दाखवलाय, टेक्निशियनला खूप जास्त. म्हणजे आपण सेफ ना?"

त्याला काय उत्तर देऊ? त्या रात्री मी जे पाहिलं ते या यादीच्या उलटं होतं. शिडीवर चढणारा, पाणी पुसणारा, बुशिंग पुसणारा तो पोरगा नसता तर काहीच झालं नसतं. त्याच्या जागी ठेवता येईल असं काही मला तरी दिसत नाही, आणि त्याला दिवसाला मिळतात ते पैसे माझ्या डिझेलपेक्षा कमी आहेत. रेकॉर्ड वाचणं, चार अलार्म जुळवून निदान करणं, म्हणजे ज्याचा मी पगार घेतो, ते मी बिछान्यातून उठायच्या आत होऊन गेलं होतं. उरली सही. काही झालं तर धरायला माणूस हवा, तो मी.

काम नाही असं मी त्याला म्हणू शकत नाही. सोलर पार्कवाले बोलावतात, नवी मुंबईच्या डेटा सेंटरांकडून महिन्याला एकतरी फोन येतो. गंमत म्हणजे या सिस्टिमची मशिनं जिथे चालतात तिथली वीज सांभाळायलाच माणसं मिळत नाहीयेत. आमच्या एजन्सीत मात्र अकरा टेस्ट इंजिनिअर आहेत आणि मालकांनी परवा सहज म्हटल्यासारखं म्हटलं, रिपोर्ट लिहायला आता दोघं पुरतील. अकराच्या अकरा जण हसले.

मुलाला मी लिहिलं, "फोनवर बोलू." अजून केला नाही. मेगर कसा धरायचा हे शिक, असं सांगणार होतो, पण त्याच्या बापाला ते माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि तो रिवाइंडिंग करतोय.

काल कंपनीचा क्लोजर फॉर्म भरायचा होता. त्यात 'पुनर्भारित करण्यास विलंबाचे कारण' असा रकाना आहे, कारण सिस्टिमच्या हिशेबाने दोन नंबर ३.४०ला चार्ज व्हायला हवा होता. खाली पर्याय होते: प्रवास, साहित्य अनुपलब्ध, हवामान, इतर. मी आधी हवामान निवडलं. मग खोडून इतर केलं. एक चौकट उघडली, २५० अक्षरांची. बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. शेवटी लिहिलं, 'टीएफ-२ बुखोल्झ बॉक्समध्ये पाणी. पुसून घेतले. टोपी घातली.'

फॉर्म परत आलाय. विलंबाचे कारण स्पष्ट होत नाही म्हणून.