चार एमबीचा छोटासा तक्ता

मी पुण्यात शोधनियतकालिकांच्या एक्सएमएलचं, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला यंत्राला कळेल अशी खूण (टॅग) लावायचं, काम करते. लेखक वर्डमध्ये पाठवतात तो निबंध आम्ही 'जॅट्स' या टॅगसंचात बसवतो. शीर्षक कुठलं, लेखक कोण, संदर्भ कोणते हे त्यामुळे यंत्राला कळतं. 2012 साली अमेरिकेतल्या नायसो संस्थेने जॅट्सला मानकाचा दर्जा दिला. निबंधाच्या बाकी प्रत्येक भागाला कुणी ना कुणी वाली असतो. भाषा कॉपीएडिटर बघतो, आकृत्या ग्राफिक्सवाले बघतात, संदर्भ तर पुन्हा पुन्हा तपासले जातात. निबंधाला जोडून येणाऱ्या पूरक फायलींबद्दल मात्र बहुतेक नियतकालिकांची एकच सूचना असते: जशी आली तशी जाऊ द्या. आम्ही 'सप्लिमेंटरी-मटेरियल' हा टॅग लावायचा, आत लेबल, कॅप्शन, फाइलचं नाव आणि प्रकार भरायचा, आणि मजकुरात जिथे 'तक्ता एस2' असा उल्लेख आहे तिथून दुवा जोडायचा. झालं काम.

त्या दिवशीचा निबंध वैद्यकीय होता. परदेशातल्या एका रुग्णालयाने एका दुर्मीळ आजारावर केलेला लहानसा अभ्यास. सोबत एकच एक्सेल फाइल. या नियतकालिकाला कॅप्शनमध्ये फाइलचा प्रकार आणि आकारही लागतो, म्हणून मी आकार बघितला. चार एमबीच्या वर! उघडून बघितलं तर आत दोन शीट. एका शीटवर वयोगट आणि औषधाच्या मात्रेनुसार केलेला पिव्हट तक्ता (मूळ नोंदींची गटवार बेरीज एक्सेलच करून देतं तो), दुसऱ्यावर खुलासे. सगळं मिळून एका पानात मावेल एवढंच. ना चित्र, ना आलेख. एवढ्याशा मजकुराला चार एमबी कशाला लागतील? मनात शंकेची पाल चुकचुकली.

शीटच्या नावावर राइट क्लिक करून 'अनहाइड' शोधलं, तर तो पर्याय करडा. म्हणजे एक्सेलच्या मते लपवलेलं काहीच नव्हतं. पण एक्सेलची आजची फाइल ही मुळात झिप असते आणि तिच्या पोटात सगळं एक्सएमएलच असतं. एक्सएमएल तर माझं रोजचं. फाइलची प्रत काढली, एक्सटेन्शन बदलून झिप केलं, 'एक्सएल' फोल्डरमधली वर्कबुकची एक्सएमएल फाइल उघडली. तिथे शीटचे टॅग दोन नव्हते, तीन होते. तिसऱ्याच्या 'स्टेट' या ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलं होतं, 'व्हेरीहिडन'. अशी शीट राइट क्लिकने दिसत नाही, ती लपवायला आणि परत आणायला एक्सेलच्या मॅक्रो लिहायच्या खिडकीत जावं लागतं.

त्या शीटची एक्सएमएल आणि तिच्यातला मजकूर जिथे साठतो ती 'शेअर्डस्ट्रिंग्ज' फाइल जोडीने उघडली आणि काळजात धस्स झालं. रुग्णांची पूर्ण नावं, जन्मतारखा, रुग्णालयाचे नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक भेटीतली प्रत्येक तपासणी. अमेरिकेच्या हिपा या रुग्णांच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली रुग्णाची ओळख पुसायची झाली तर 18 प्रकारची माहिती काढावी लागते. त्यातले ठळक प्रकार इथे पहिल्या तीन रकान्यांतच होते. शिवाय आजार दुर्मीळ. अशा आजारात गावाचं नाव आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, पूरक फाइलच्या आत आपण जात नाही ना?"

"आकार लिहायचा होता सर, तो जुळेना."

त्यांनी वर्कबुकची ती ओळ वाचली आणि लगेच म्हणाले, "बॅच थांबव. फाइल कुणालाही फॉरवर्ड करू नकोस. मी फोनच करतो." क्वेरी, म्हणजे लेखकाला विचारायची शंका, म्हणून हे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. क्वेरी प्रूफमध्ये छापली जाते आणि प्रूफ सगळ्या सहलेखकांकडे जातं.

घाई का, ते सांगते. असा निबंध प्रसिद्ध झाला की पूरक फायलींसकट पबमेड सेंट्रल या सर्वांना खुल्या वैद्यकीय संग्रहावर जाऊ शकतो. काही प्रकाशक त्याच फायली फिगशेअर या ऑनलाइन साठ्यावर वेगळ्या डीओआयने, म्हणजे कायमच्या ओळख क्रमांकाने, ठेवतात. एकदा लोकांनी डाउनलोड केल्यावर परत बोलावणार कशी? ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक स्प्रेडशीट दिली. तिच्यात एक लपलेली शीट राहिली होती. 9,483 अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि कामाची ठिकाणं काही तासांतच जगापुढे आली. पुढे तिथल्या माहिती आयुक्तालयाने साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

संध्याकाळी लेखकाकडून दुरुस्त फाइल आली. वर्कबुकमध्ये आता दोनच शीट. आकारही उतरला होता, पण व्हायला हवा तेवढा नाही. पुन्हा झिप उघडली. 'पिव्हटकॅश' नावाचा फोल्डर जागेवर होता. पिव्हट तक्ता ज्या नोंदींवरून बनतो त्यांची प्रत एक्सेल आपल्याजवळ ठेवून घेतं, मूळ शीट पुसली तरी. खात्री करायला मी तक्त्यातल्या 'एकूण' या आकड्यावर डबल क्लिक केलं. नवी शीट उघडली आणि सगळी नावं पुन्हा समोर हजर. सर शेजारीच उभे होते. त्यांनी तिथूनच परत फोन लावला.

लेखकांना बोल लावावासा मला वाटत नाही. 'व्हेरीहिडन' करायला मुद्दाम खटपट करावी लागते, म्हणजे त्यांच्यातल्या कुणीतरी काळजीपोटीच ती शीट नजरेआड केली असणार. माझी तक्रार 'जशी आली तशी' या सूचनेबद्दल आहे. नायसोनेच 2013 मध्ये पूरक साहित्यासाठी शिफारशी काढल्या. निबंध समजायला अत्यावश्यक असलेलं साहित्य आणि नुसती जादा भर, असे त्यात दोन भाग केले आणि अत्यावश्यक भागाला मुख्य निबंधाच्याच बरोबरीने वागवावं असं सांगितलं. हा तक्ता अत्यावश्यकच होता. कुठल्या मात्रेने गुण आला, हे निबंधात कुठेच नव्हतं, फक्त इथे होतं. ज्याच्यावर निष्कर्ष उभा आहे ते कुणीच उघडून बघायचं नाही, हे मला पटत नाही.

आम्ही सीएसव्ही मागितली. तिच्यात शीट नसतात, पिव्हट नसतो, कॅश नसतो. साधा मजकूर आणि स्वल्पविराम. दुसऱ्या दिवशी ती आली, मी नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि टॅगमधला प्रकार बदलला: माइमटाइप 'टेक्स्ट', सबटाइप 'सीएसव्ही'. आकार तीन केबी.

आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक एक्सेलवर मी लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट चालते. लपवलेली शीट किंवा पिव्हटकॅश सापडला की पॅकेज अडतं. त्या नियतकालिकाच्या संपादकांनी जुन्या अंकांच्या फायलीही तिच्याखालून काढायला सांगितल्या आहेत. ते काम सध्या चालू आहे.