काचेच्या शिरस्त्राणातली लायका

एका बालमासिकाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी मी अंतराळात पाठवलेल्या लायका या कुत्रीचे डिजिटल चित्र काढले होते. काचेचे गोल शिरस्त्राण घातलेली, जीभ बाहेर काढून हसणारी कुत्री निळ्या-जांभळ्या तेजोमेघांतून तरंगते आहे, असे ते चित्र होते. अंतराळातील प्राण्यांची चित्रे बहुधा अशीच मागितली जातात आणि मीही ती फारसा विचार न करता काढत आले होते.

छपाईच्या आदल्या दिवशी सकाळीच छापखान्यातून फोन आला. पडद्यावर झळाळणारा जांभळा रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या शाईत, मळकट झाला होता (हे मला आधी कळायला हवे होते), शिवाय आकाश खोल दिसावे म्हणून मी चारही रंग जवळजवळ पूर्ण भरल्यामुळे शाई वाळणार नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागेल, असे तिथल्या गृहस्थांचे म्हणणे होते. चारही रंगांची (प्रत्येकी जास्तीत जास्त 100 टक्के) मिळून एकूण शाई 300 टक्क्यांच्या आत आणायला मी बसले आणि चित्राचा एकेक लेअर (थर) बंद करत गेले. तेजोमेघ गेले, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर ती कुत्री एकटीच उरली. ही नेमकी आहे तरी कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

मग जुनी छायाचित्रे काढून पाहिली. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री 3 नोव्हेंबर 1957 रोजी स्पुटनिक-2 या सोव्हिएत यानातून अंतराळात गेली. यानातल्या तिच्या बंद कुपीतच हवा भरलेली असल्याने तिला शिरस्त्राणाची गरज नव्हती. अंगावर पट्टे होते, आणि उभे राहता, बसता किंवा आडवे होता येईल एवढीच मोकळीक होती. मागे वळता येत नव्हते. तिला परत आणण्याची सोय यानात केलेलीच नव्हती. उड्डाणानंतर काही तासांतच अतिउष्णतेने ती मेली, ही गोष्ट 2002 मध्ये उघड झाली. यान मात्र 14 एप्रिल 1958 पर्यंत पृथ्वीभोवती फिरत होते.

दुपारपर्यंत मी नवे चित्र पूर्ण केले. त्यात कुपीची गोल भिंत, छातीवरचे पट्टे आणि एका बाजूने येणारा फिकट उजेड एवढेच होते. संपादकांनी ते बराच वेळ पाहिले असावे. "मॅडम, चित्र उत्तम आहे, पण दिवाळीत हे मुलांच्या हाती कसं द्यायचं?" असे त्यांनी फोनवर विचारले. त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही. अखेर 19 ऑगस्ट 1960 रोजी अंतराळात जाऊन दुसऱ्या दिवशी सुखरूप परतलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या मुखपृष्ठावर आल्या. स्ट्रेल्काला पुढे पिल्ले झाली आणि त्यांतले एक 1961 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट म्हणून गेले, ही माहिती आतल्या पानावर छापायला संपादक आनंदाने तयार झाले.

रात्री उशिरा अंतिम फाइल पाठवली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की दोघींच्या डोक्यावरची काच दाखवायची राहून गेली आहे का. राहिलेली नाही, असे मी कळवले.