ओव्हनमधले डोनट मऊ ठेवण्यासाठी

घरी डोनट भाजायला सुरुवात केली तेव्हा माझी समजूत अशी होती की तळणीच्या डोनटचेच पीठ मळावे, कढईऐवजी ओव्हन तापवावा आणि बाकी काहीही बदलू नये. त्या समजुतीने केलेली पहिली खेप दिसायला देखणी होती, रंगही छान तांबूस आला होता, परंतु तोंडात घेतल्यावर ते निव्वळ गोड पाव होते आणि संध्याकाळपर्यंत ते इतके कोरडे पडले की घरात दुसऱ्यांदा कोणी त्यांना हात लावला नाही. त्यानंतर मी हा पदार्थ बरेच महिने पुन्हा पुन्हा करत राहिले. भाजलेला डोनट मनासारखा होतो, मात्र तळताना तेल जी कामे आपल्या नकळत करून टाकते ती एकेक ओळखावी लागतात आणि ओव्हनमध्ये त्या प्रत्येकाची वेगळी तजवीज करावी लागते, हे मला त्या महिन्यांत कळत गेले.

तेलाचे पहिले काम वेगाचे आहे. डोनट साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात तळतात, आणि तेवढ्याच तापमानाच्या हवेपेक्षा तेल कितीतरी जास्त वेगाने पदार्थाला उष्णता देते. म्हणून यीस्टचा डोनट प्रत्येक बाजूने मिनिटभर तळला तरी आतपर्यंत शिजतो आणि आतला ओलावा बाहेर पडायला फारसा वेळच मिळत नाही. ओव्हनमध्ये त्याच कामाला आठ-दहा मिनिटे लागतात आणि तेवढा सगळा वेळ कोरडी गरम हवा डोनटच्या अंगावरून फिरत असते.

दुसरे काम मला फार उशिरा कळले. तळलेल्या पदार्थात तेल शिरते ते बहुतांशी तळताना शिरत नाही, कारण त्या वेळी आतून वाफ जोराने बाहेर येत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. पदार्थ बाहेर काढल्यावर तो निवू लागतो, आतली वाफ पुन्हा पाणी होते, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर रेंगाळलेले तेल छिद्रांतून आत ओढले जाते. हे समजल्यावर मी एक साधा बदल केला. पूर्वी मी डोनट जाळीवर गार होऊ देत असे आणि मग त्यांना बटर लावत असे. आता ओव्हनचे दार उघडल्यापासून पहिल्या मिनिटाच्या आत, डोनट हाताला चटके देत असतानाच, वितळवलेले बटर ब्रशने वरून, खालून आणि मधल्या छिद्राच्या आतल्या कडेलाही लावते. गार डोनटवर तेच बटर नुसते थर होऊन बसते, गरम डोनट मात्र ते पिऊन घेतो. बारा डोनटांना साधारण ४० ग्रॅम बटर पुरते. माझ्या अनुभवात संपूर्ण कृतीतील इतर कोणत्याही बदलाने एवढा फरक पडला नाही.

आता पिठाविषयी. भाजलेले डोनट या नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ येतात आणि त्यांची गल्लत झाली की निराशा होते. पहिला प्रकार केकच्या मिश्रणासारखा सैल, बेकिंग पावडरवर फुगणारा, कड्याच्या आकाराचे खळगे असलेल्या साच्यात ओतून भाजायचा. १२५ ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ एकत्र करायचे. दुसऱ्या भांड्यात एक अंडे, ६० ग्रॅम दही, ६० मिलिलिटर दूध आणि ३० ग्रॅम तेल फेटून ते कोरड्या मिश्रणात घालायचे आणि मैद्याची कोरडी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवायचा. त्यापुढे ढवळत राहिले तर मैद्यातील ग्लुटेन बळावते, डोनट चिवट होतात आणि कापल्यावर आत लांबट बोगदे दिसतात. साचा दोन तृतीयांशच भरायचा, कारण जास्त भरला तर मधले छिद्र बुजते. चमच्याने भरण्यापेक्षा पायपिंग बॅगेने, किंवा कोपरा कापलेल्या साध्या पिशवीने, मिश्रण भरले तर कडा स्वच्छ राहतात. १८० अंशांवर दहा ते बारा मिनिटांत सहा डोनट तयार होतात. या प्रकारात मी बटरऐवजी तेल वापरते, कारण बटर खोलीच्या तापमानाला घट्ट होते आणि त्याबरोबर केकही घट्ट लागतो, तर तेल पातळच राहते. हा प्रकार चवदार आहे, अर्ध्या तासात होतो आणि घाईच्या वेळी फार उपयोगी पडतो, तरी त्याला मी मनातल्या मनात कड्याच्या आकाराचा केकच म्हणते.

ज्याला हलका, ओढल्यावर धाग्याधाग्यांनी सुटणारा डोनट हवा आहे त्याने यीस्टकडेच वळावे, आणि माझा सगळा जीव त्याच प्रकारात आहे.

यीस्टच्या पिठात ओलावा टिकवून धरण्यासाठी मी पूर्व आशियातील पावांत वापरली जाणारी तांगझोंग ही पद्धत घेतली. २० ग्रॅम मैदा त्याच्या पाचपट, म्हणजे १०० ग्रॅम दुधात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. मिश्रण ६५ अंशांच्या आसपास पोचले की मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो, चमचा फिरवल्यावर भांड्याच्या तळाशी वाट उमटू लागते आणि मऊ खीर तयार होते. अशा प्रकारे स्टार्चने आधीच धरून ठेवलेले पाणी भाजताना सहजासहजी सुटत नाही, शिवाय पीठ हाताला फार चिकट न होता त्यात जास्त दूध मावते. ही खीर कोमट होईपर्यंत थांबणे आवश्यक आहे, कारण यीस्टला ३८ ते ४० अंशांची ऊब आवडते आणि ६० अंशांच्या जवळ ते मरते.

निवलेल्या खिरीत २८० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक अंडे आणि ७५ ग्रॅम कोमट दूध घालून पीठ मळायला घ्यावे. साखर यापेक्षा वाढवण्याचा मोह मी आवरला आहे, कारण जास्त साखर यीस्टच्या पेशींतले पाणी ओढून घेते आणि फुगणे मंदावते, आणि डोनटला गोडी शेवटी बाहेरूनही मिळणारच असते. ५० ग्रॅम मऊ बटर सुरुवातीला घालू नये. आधी दहा मिनिटे पीठ मळून त्यात ताण येऊ द्यावा आणि मग बटर थोडे थोडे करून मुरवावे. बटर घालताच पीठ एकदम सैल आणि तुटके वाटू लागते. पहिल्या वेळी मी घाबरून त्यात वरून मैदा टाकला आणि त्या खेपेचा मऊपणा तिथेच गेला. मैदा न घालता मळत राहिले की चार-पाच मिनिटांत पीठ पुन्हा जमून येते, चकाकू लागते, आणि त्याचा लहान तुकडा बोटांनी अलगद ताणला तर न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा होतो. तो पापुद्रा दिसल्याशिवाय थांबू नये.

पीठ दुप्पट झाले की ते हलक्या हाताने दाबून साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीचे लाटावे आणि आठ सेंटिमीटर व्यासाच्या गोल साच्याने कापावे. साचा सरळ खाली दाबून सरळ वर उचलावा, कारण तो फिरवला तर कडा एकमेकींना चिकटतात आणि डोनट एका बाजूला कलून फुगतो. मधले छिद्र आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठे, निदान तीन सेंटिमीटरचे तरी ठेवावे, नाहीतर फुगताना ते मिटून जाते. या छिद्राचे श्रेय स्वतःकडे घेणारा हॅन्सन ग्रेगरी हा अमेरिकन खलाशी सांगत असे की १८४७ साली जहाजावर असताना, कडा शिजूनही मध्य कच्चा राहतो हे पाहून, त्याने मधला भागच काढून टाकला. ओव्हनमध्ये या युक्तीचा उपयोग वेगळा आहे. मध्यच नसल्यामुळे डोनट लवकर शिजतो, आणि जितका कमी वेळ तो ओव्हनमध्ये राहील तितका त्याचा ओलावा वाचतो.

कापलेला प्रत्येक डोनट मी बटर पेपरच्या स्वतंत्र चौकोनावर ठेवते, म्हणजे फुगून नाजूक झाल्यावर त्याला बोट न लावता कागदासकट हलवता येते. दुसऱ्यांदा फुगवताना त्यांच्यावर कोरडी साय धरता कामा नये, कारण ती धरली तर भाजताना डोनटला वर यायला वाव राहत नाही. म्हणून बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचे भांडे ठेवून त्या दमट उबेत त्यांना चाळीस मिनिटे ठेवावे, मात्र ओव्हन तापवायला घेण्यापूर्वी ते बाहेर काढायला विसरू नये. ओल्या बोटाने कडेला हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला तर ते तयार झाले असे समजावे. खळगा झटकन भरला तर अजून थांबावे.

भाजण्याच्या बाबतीत माझे मत आता ठाम झाले आहे. ओव्हन १९० अंशांवर पूर्ण तापलेला हवा आणि वेळ आठ ते नऊ मिनिटांचीच हवी. पावासारखा गडद रंग येण्याची वाट पाहणे हीच माझ्या पहिल्या खेपेतील मुख्य चूक होती. वरचा भाग फिकट सोनेरी आणि बाजू जवळजवळ पांढरट असतानाच डोनट शिजलेला असतो, आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतले तापमान ८८ ते ९० अंशांच्या दरम्यान दिसते. त्यापुढचे प्रत्येक मिनिट फक्त ओलावा नेते. मधून कापून निघालेल्या लहान गोळ्यांना पाच-सहा मिनिटेच पुरतात, म्हणून ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत.

बटर लावून झाले की लगेच डोनट १०० ग्रॅम बारीक दाणेदार साखर आणि एक चमचा दालचिनी पूड यांच्या मिश्रणात घोळवावा. इथे पिठीसाखर घेऊ नये, कारण ती बटरमध्ये विरघळून चिकट होते. ग्लेझ हवे असेल तर पिठीसाखर थोड्या दुधात कालवून डोनट कोमट असताना त्यात बुडवता येतो, पण त्यासाठी बटरचा हात अगदी हलका ठेवावा लागतो, आणि भाजलेल्या डोनटला मला दालचिनीची साखरच जास्त शोभते असे वाटते.

उरलेले डोनट फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण त्या तापमानाला स्टार्च अधिक लवकर घट्ट होतो आणि डोनट बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. साखर न लावलेले डोनट फ्रीझरमध्ये मात्र चांगले टिकतात, आणि १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करून मग बटर-साखर लावली तर ते बरेचसे ताज्यासारखे लागतात.

हल्ली मी पीठ रात्री मळून पहिल्यांदा फुगण्यासाठी फ्रिजमध्येच ठेवते. थंड पीठ लाटायला आणि कापायला पुष्कळ सोपे जाते, आणि सावकाश फुगल्यामुळे त्याला चवही अधिक येते. सकाळी कापल्यावर दुसऱ्या फुगण्याला चाळीस मिनिटांऐवजी तास-सव्वा तास द्यावा लागतो. तेवढ्या वेळात मी पाण्याचे भांडे बदलते, साखरेत दालचिनी मिसळते आणि बटर वितळवून ब्रशसकट ओव्हनशेजारी आणून ठेवते.