पडद्याला हात न लावता: आमची वाटचाल

अंबड एमआयडीसीत आमची सुरुवात जॉबवर्कनेच झाली. प्रेशर स्विचसाठी (ठरावीक दाबाला चालू-बंद होणारा स्विच) लागणारे पातळ स्टीलचे डायाफ्राम, म्हणजे पडदे, कापायचे, ताणायचे आणि रिंगवर वेल्ड करून द्यायचे. माल बनवणं जमत होतं, तपासणं अवघड होतं. डायल गेजचं (टोक टेकवून उंची मोजणारं काट्याचं मापक) टोक टेकवलं की फॉइल त्या दाबानंच खाली बसायचं.

म्हणून आम्ही लेसरकडे वळलो. पडद्याखाली हवेचा दाब सावकाश वाढवायचा आणि वरून इंटरफेरोमीटरनं फुगवटा मोजायचा. हे उपकरण पडद्यावरून परतलेला प्रकाश दुसऱ्या किरणाशी मिसळतं आणि त्यातून काळी-उजळ वलयं दिसतात. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर. प्रकाश जाऊन परत येतो, त्यामुळे एका काळ्या वलयापासून पुढच्यापर्यंत उंची साधारण 316 नॅनोमीटरने बदलते. म्हणजे 50 मायक्रॉन फुगवट्याला 158 वलयं! दाब वाढवताना ती मध्यातून उमलत बाहेर सरकतात. आजही नवीन मुलाला आम्ही आधी तेच दाखवतो.

शेजारचा पॉवर प्रेस चालू झाला की मात्र वलयं पुसली जायची. ग्रॅनाइट प्लेटखाली स्कूटरच्या ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवल्या, तेव्हा चित्र स्थिर झालं.

खरी कमाई आलेखात आहे. सुरुवातीला दाब आणि फुगवटा सरळ रेषेत वाढतात. त्या चढावरून पडद्यात आधीपासून असलेला ताण कळतो. पुढे दाब फुगवट्याच्या घनाप्रमाणे वाढू लागतो, तिथून मटेरियलचा कडकपणा, म्हणजे ते ताणलं जायला किती विरोध करतं, हे मिळतं. दोन बॅच वेगळ्या वागल्या, तर दोष फॉइलचा की आमच्या ताणण्याचा, हे एकाच चाचणीत वेगळं होतं. ग्राहकाशी वाद घालायची गरजच उरत नाही.

या हिशेबात पडद्याची त्रिज्या चौथ्या घातात येते. तिच्यात 1 टक्का चूक झाली, तर कडकपणात सुमारे 4 टक्के. त्यामुळे लेसरपेक्षा जास्त जीव आम्ही पडद्याची कड धरणाऱ्या क्लॅम्पच्या रिंगवर टाकतो. कड घसरली तर वलयं टिपणारा महागडा कॅमेराही काही कामाचा नाही.

आता प्लास्टिक फिल्मची कामं येतात. फिल्म पारदर्शक, दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो आणि वलयं एकमेकांत मिसळतात. धातूचा मुलामा दिला तर त्याचा स्वतःचा ताण मोजमापात शिरतो. अशा नमुन्यांना आम्ही पिझोनं (वीज दिली की थरथरणारा तुकडा) कंप देतो आणि लेसर व्हायब्रोमीटरनं, म्हणजे लेसरनं कंप मोजणाऱ्या यंत्रानं, वारंवारता पाहतो; तिच्यावरून ताण कळतो. भोवतालच्या हवेचं वजन वारंवारता खाली ओढतं, म्हणून चाचणी निर्वात पेटीत घ्यावी लागते. ती पेटी सध्या आमच्याच लेथवर बनते आहे.