कंट्रोल-एंटर अखेर निओव्हिमपर्यंत पोचलं

तीन आठवड्यांपासून पायथन निओव्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरमधूनच चालवतोय. एकाच टर्मिनलचे भाग पाडणाऱ्या टीमक्समध्ये वर एडिटर, खालच्या अर्ध्यात आयपायथन (कोड लगेच चालवून दाखवणारं पायथन), आणि मधला निरोप्या विम-स्लाइम: एडिटरमधला कोड खाली पाठवणारं प्लगइन. त्याचं मूळचं कंट्रोल-सी कंट्रोल-सी पहिल्या दिवसापासून चाललं. पण ज्युपिटर नोटबुकमुळे बोटांना सवय कंट्रोल-एंटरची. ते कोड पाठवायला मॅप केलं आणि तिथेच अडकलो.

दाबलं की कोड जाईना, कर्सर मात्र एक ओळ खाली सरके. या सरकण्याकडे मी दोन दिवस लक्षच दिलं नाही, आणि खरा धागा तोच होता. व्हर्बोज एनमॅपने (कुठली की कशाला जोडलीय आणि कुठल्या फाइलमधून, ते दाखवणारी कमांड) विचारलं तर मॅपिंग जागेवर, माझ्याच फाइलमधलं. मग इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-व्ही (पुढची की जशी पोचते तशी दाखवणारं) दाबून कंट्रोल-एंटर दाबलं: ^एम, म्हणजे कंट्रोल-एम, उमटलं. नुसत्या एंटरलाही तेच! निओव्हिमला दोन्हींत फरक दिसतच नव्हता.

टर्मिनलच्या जुन्या रीतीत कंट्रोल दाबणं म्हणजे अक्षराच्या आस्की अंकातून ६४ वजा करणं. एम ७७, म्हणून कंट्रोल-एम १३. एंटरही १३च. त्यासोबत कंट्रोल धरलं तरी पाठवायला वेगळा अंकच नाही.

दुरुस्ती दोन जागी लागली. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये कंट्रोल-एंटरसाठी एस्केप आणि त्यामागे [१३;५यू पाठवायला सांगितलं. १३ म्हणजे एंटर. ५ म्हणजे १ अधिक कंट्रोलचे ४. तरी टीमक्स ते वाटेत गिळत होता. त्याचं एक्स्टेंडेड-कीज ऑलवेज केलं (आवृत्ती ३.२ए किंवा पुढची हवी), सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि चाललं. आधी टीमक्सशिवाय नुसतं निओव्हिम उघडून पाहिलं असतं तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती. तुम्ही त्याच क्रमाने तपासा.

मग आयपायथनमध्ये फंक्शनच्या ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत गेल्या. कोडमध्ये इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आहेच, त्यात आयपायथन आपलं आणखी घालतं. स्लाइमचं ब्रॅकेटेड पेस्ट १ केलं की अख्खा तुकडा एकदम पेस्ट म्हणून जातो, जिना मोडतो.

आणखी एक: स्लाइम परिच्छेद पाठवतं, आणि फंक्शनच्या पोटात रिकामी ओळ असेल तर अर्धंच जातं. म्हणून कंट्रोल-एंटर आता सेल, म्हणजे दोन खुणांमधला कोडचा तुकडा, पाठवण्याला जोडलंय, सेलची खूण # %%. पाठवल्यावर कर्सर पुढच्या सेलवर न्यायचं तेवढं राहिलंय. ते या रविवारी.